ही बाजू वर

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘दिशा’ असल्याचं सांगितलं, तेव्हा मी वास्तुशास्त्रावर किंवा होकायंत्रावर लिहीन अशी त्यांची समजूत असावी. मी म्हटलं, मी एक उलटा आकडा बघायला जाते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “फोटो मिळेल ना?” फोटो मिळणार नव्हता. जिथे जायचं होतं तिथे दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात आणि बाहेर पडताना ते फाटलं नाही ना ते तपासतात.

जागा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातली. नाव छापायचं नाही या अटीवर आत घेतलं, म्हणून नाव नाही. एकेकाळी या रस्त्यावरून बस जाताना डोळे मिटूनही कळायचं, की रसायनांच्या कारखान्यांजवळून चाललोय. आता ऐरोली, रबाळे, महापे या भागात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. आत माणसं थोडी, संगणक हजारो. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जागा आणि वीज हाताशी आहे, आणि पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवायची असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये काढला. एवढ्या कारणांनी हा पट्टा डेटा सेंटरवाल्यांचा झाला. तुम्ही मघाशी भाजीवाल्याला फोनवरून चाळीस रुपये दिले असतील, तर त्यांची नोंद अशाच एखाद्या कपाटात झाली असणार.

या कपाटांना ‘रॅक’ म्हणतात. मला त्यांची पुढची बाजू बघायची नव्हती, ती जाहिरातींत दिसते. मला पाठ बघायची होती.

पाठीमागची गल्ली

रॅकच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि मधल्या गल्लीत सगळी गरम हवा सोडतात. समोरच्या बाजूला गार हवा. अ‍ॅशरे या अमेरिकी संस्थेची शिफारस तिथे १८ ते २७ अंशांची आहे, आणि इथले लोक ती काटेकोर पाळतात. पाठीमागच्या गल्लीला अशी माया मिळत नाही. रात्री पावणेदोनला भिंतीवरच्या काट्यावर ३८ होते. पंख्यांचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायला कानाजवळ जावं लागतं.

तिथे शिफ्टचा सुपरवायझर एका रॅकच्या पाठीत डोकं घालून उभा होता. उभा म्हणजे काय, कमरेत वाकून मान इतकी तिरकी केलेली, की कान जवळजवळ खांद्याला टेकलेला. पडलेला काजू शोधायला आपण सोफ्याखाली बघतो तसा. त्याच्या हातात क्लिपबोर्ड, त्यावर रीडिंगची शीट.

“बारा पॉइंट सहा,” तो मोठ्याने म्हणाला आणि सरळ होऊन शीटवर लिहिलं. मग मला म्हणाला, “तुम्ही बघा मॅडम. काय दिसतंय?”

मी मान न वाकवता बघितलं. लाल अक्षरांत ९.२१ लिहिलेलं होतं.

वीज वरून आली की खालून

रॅकच्या पाठीच्या कोपऱ्यात, चौकटीला समांतर, माणसाएवढी उंच एक काळी पट्टी बसवलेली असते. तिच्यावर ओळीने सॉकेट. घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची ही थोरली बहीण, फक्त उभी केलेली. इथे तिला ‘पीडीयू’ म्हणतात. कुणी पूर्ण नाव घेत नाही. रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, मिलिमीटरमध्ये ४४.४५. नेहमीचा रॅक ४२ यूचा, म्हणजे आतली जागा सहा फूट दीड इंच. ही उभी पट्टी त्यातली एकही यू खात नाही, कडेच्या रिकाम्या जागेत बसते, म्हणून तिला ‘झीरो यू’ असंही म्हणतात.

अशा पट्ट्या रॅकमागे दोन असतात. एक ए, दुसरी बी. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी, एक या पट्टीत आणि एक त्या पट्टीत. एकीकडची वीज गेली तरी दुसरी सांभाळून घेते. सांभाळून घेण्याची अट एवढीच, की दोघींचा मिळून भार एकटीला पेलला पाहिजे. लाइन बत्तीस अँपिअरची असेल तर इथली माणसं दोन्हींची बेरीज पंचवीसच्या वर जाऊ देत नाहीत. ए वर वीस आणि बी वर वीस असं चालवलं तर एरवी काही बिघडत नाही. पण ज्या दिवशी ए जाईल त्या दिवशी चाळीस अँपिअर बीच्या अंगावर येतील, तिचा ब्रेकर पडेल, आणि दोन दोन आधार असलेला रॅक क्षणात काळोखात जाईल. म्हणून आकडा बघायचा. म्हणून पट्टीच्या अंगावर छोटी स्क्रीन.

आता दिशेचा प्रश्न. पट्टीच्या एका टोकातून जाड केबल निघते, तिला निळा इंडस्ट्रियल टॉप, म्हणजे प्लग असतो. जुन्या इमारतींत खोटी जमीन असते, फरशा उचलल्या की खाली दीडदोन फूट पोकळी, त्यातून वीज येते. तिथे पट्टीची केबल खालच्या टोकाला हवी. नव्या इमारतींत खोटी जमीन बरेचदा नसतेच, रांगेवरून बसबार, म्हणजे विजेचा लांब दांडा धावतो आणि वरून टॅप-ऑफ बॉक्समधून वीज घेतात. तिथे केबल वरच्या टोकाला हवी. केबल तीच, पट्टी तीच. मग काय करायचं? पट्टी उलटी बसवायची. मागे बटणासारखे दोन खुंट असतात, ते रॅकच्या खाचांत अडकवले की झालं, कुठलंही टोक वर चालतं.

विजेला याने काहीच फरक पडत नाही. सर्व्हरला पडत नाही. फरक पडतो तो स्क्रीनला आणि तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला.

हा रॅक दोन महिन्यांपूर्वी जुन्या इमारतीतून इथे हलवला होता. तिथे वीज खालून होती, इथे वरून. हलवायला एकच रात्र मिळाली होती. गिऱ्हाईकाचं दुकान सकाळी उघडायच्या आत सगळं चालू करायचं होतं, तेव्हा स्क्रीनकडे कोण बघतो? सगळं चालू झालं, टाळ्या झाल्या, माणसं घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून रीडिंग घेणाऱ्यांच्या माना वाकायला लागल्या.

जाता जाता एक गोष्ट बघितली ती सांगते. खालच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये पॅनेलवर गेल्या दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक फिकट झालेलं होतं. वर हॉलमध्ये पूजा करता येत नाही, कारण तिथले धुराचे सेन्सर उदबत्तीलाही आग समजतात आणि कुंकवाची पूड पंख्यांना नको असते. म्हणून यंत्रांची पूजा खाली, पॅनेलला आणि डिझेल जनरेटरला झेंडू घालून होते. त्या स्वस्तिकाकडे बघताना लक्षात आलं, की पॅनेल उलटं टांगलं तरी ते तसंच दिसलं असतं. डोकं खाली पाय वर केले तरी स्वस्तिक बदलत नाही. आकड्यांच्या नशिबी हे नाही.

बारा पॉइंट सहा

या पट्टीवरची स्क्रीन जुन्या पद्धतीची आहे, सात रेघांच्या आकड्यांची. रेल्वेच्या इंडिकेटरवर, जुन्या कॅल्क्युलेटरवर असायचे तसे आकडे. शाळेत कॅल्क्युलेटर उलटा धरून इंग्रजी शब्द वाचायचा खेळ आपण खेळलोय. सात उलटा केला की एल, तीन उलटा केला की ई, चार उलटा केला की एच. तेव्हा ती गंमत होती.

या रेघांच्या इंग्रजी आकड्यांत शून्य, एक, दोन, पाच आणि आठ उलटे केले तरी तेच राहतात. सहाचा नऊ होतो, नवाचा सहा. म्हणजे स्क्रीनवर तीन, चार किंवा सात आला तर वाचणाऱ्याला लगेच कळतं, की काहीतरी उलटं आहे, कारण आकड्यांत अक्षरं दिसायला लागतात. धोका बाकीच्या आकड्यांचा. १२.६ उलटं केलं की ९.२१ होतं. ११.८ उलटं केलं की ८.११. दोन्ही अगदी सोज्वळ, खरे वाटणारे आकडे. फरक उरतो तो फक्त टिंबाचा. सुलट्या आकड्यात टिंब पायाशी असतं, उलट्यात डोक्याशी.

नवीन आलेल्या पोराने पहिल्या आठवड्यात नेमकं हेच लिहिलं होतं. ए पट्टी ९.२१, बी पट्टी ८.११. बेरीज १७.३२. पंचवीसातून वजा केले तर साडेसात अँपिअरच्या वर जागा शिल्लक. खरी बेरीज होती २४.४. म्हणजे शिल्लक अर्धा अँपिअर आणि थोडं. त्याच आठवड्यात गिऱ्हाईक त्या रॅकमध्ये आणखी दोन सर्व्हर बसवायचे का म्हणून विचारत होता.

“मग कळलं कसं?” मी विचारलं.

“दशांशाच्या पुढे दोन आकडे,” सुपरवायझर म्हणाला. “ही पट्टी दहाच्या आत गेली तरी टिंबापुढे एकच आकडा दाखवते. आयुष्यात दोन दाखवलेले नाहीत. शीट बघितली आणि म्हटलं, अरे, हे कुठून आणलंस?”

पोरगा शेजारीच उभा होता. ओशाळून हसला. “दादा, मला वाटलं नवीन मीटर आहे.”

आपल्या देवनागरीत ही अडचण वेगळी. आपला सहा उलटा केला तर नऊ होत नाही. आपल्याकडे तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून न पटणाऱ्या दोघांत छत्तीसचा आकडा असतो. इंग्रजी सहा-नऊचं भांडण तसलं नाही, तिथे एकच जण दोन तोंडांनी बोलतो. हाऊजी खेळलेल्यांना हे ठाऊक आहे. तिथल्या सोंगट्यांवर सहाच्या आणि नवाच्या खाली रेघ मारलेली असते, नाहीतर लग्नघरात मारामाऱ्या झाल्या असत्या. इथे लाखो रुपयांच्या सामानावर ती रेघ नाही.

आलं का? गेलं!

स्क्रीन सुलटी करायचे रस्ते पट्टीच्या जातीवर ठरतात.

सात रेघांच्या स्क्रीनवर आकडे उलटे काढणं सोपं आहे, कारण रेघांची मांडणी वरून-खालून सारखीच असते. कुठली रेघ पेटवायची एवढं बदललं की आकडा फिरला. अडतं ते टिंबापाशी. टिंबाचा दिवा आकड्याच्या एकाच कोपऱ्यात बसवलेला असतो, तो प्रोग्रॅम बदलून दुसऱ्या कोपऱ्यात जात नाही. म्हणून बनवणाऱ्याला एकतर दोन्हीकडे टिंबं द्यावी लागतात, नाहीतर स्क्रीनचा तुकडाच सोडवून फिरवता येईल अशी सोय ठेवावी लागते. इथल्या पट्टीला दुसरी सोय होती. दोन स्क्रू, मागे एक छोटी फीत.

थोड्या नव्या पट्ट्यांवर अक्षरं दाखवणारी स्क्रीन असते. तिथे मेनूत ‘ओरिएंटेशन’ नावाची ओळ सापडते. तिच्यात शिरून १८० अंश निवडायचे. काहींत मेनूसुद्धा नाही, एक बटण काही सेकंद दाबून धरलं की चित्र फिरतं. हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाकीचे वाकून वाचतात. शिवाय चित्र फिरल्यावर वर-खाली जायची बटणंही फिरली पाहिजेत, नाहीतर वरचं दाबलं की यादी खाली धावते. चांगल्या पट्टीत ती आपोआप बदलतात. सगळ्याच पट्ट्या चांगल्या नसतात.

नेटवर्कला जोडलेल्या पट्टीची दिशा लांबूनही बदलता येते, आपल्या टेबलावरच्या संगणकातून. मात्र तिथे बसलेल्याला ती स्क्रीन दिसत नसते. मग एक जण टेबलापाशी, दुसरा गरम गल्लीत फोन कानाला लावून. “झाली?” “नाही.” “आता?” “आता झाली. थांबा, ही नव्हे, शेजारची झाली!” आमच्या लहानपणी गच्चीवर अँटेना फिरवणारा काका आणि खाली टीव्हीसमोरून ओरडणारी काकी यांच्यात अगदी हाच संवाद व्हायचा. मुंग्या गेल्या की हात सोडायचा, हात सोडला की मुंग्या परत.

सगळ्यात शहाण्या पट्ट्या स्वतःच ओळखतात. त्यांच्या पोटात अ‍ॅक्सिलरोमीटर असतो, आपल्या फोनमध्ये असतो तोच. सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. पृथ्वी त्याला स्वतःकडे ओढते, तो केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर सरकतो, आजूबाजूच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता तेवढ्याने बदलते, आणि चिपला कळतं की खाली कुठे आहे. पट्टी कशीही टांगा, अक्षरं सुलटी. मला हे फार आवडलं. सगळ्या इमारतीत वर-खाली विजेच्या दिशेने ठरतं, इथे एका कणभर ठोकळ्याने पृथ्वीला विचारून ठरवलं.

त्यालाही चकवता येतं. पट्टी टेबलावर आडवी ठेवली तर ओढ स्क्रीनच्या आरपार जाते. वर कोण, खाली कोण, याला उत्तरच नसतं. चिप मग शेवटची माहीत असलेली दिशा धरून बसते. फोन गादीवर ठेवून बघताना चित्र हट्टाने आडवं राहतं, ते याचमुळे.

सहा वाजताची काच

एवढं करूनही एक गोष्ट फिरत नाही, आणि ती मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हती. करड्या-हिरव्या साध्या एलसीडी काचेला स्वतःची एक नजर असते. बनवतानाच ठरतं, की ती किंचित खालून बघणाऱ्याला स्वच्छ दिसेल की किंचित वरून बघणाऱ्याला. त्या धंद्यात याला घड्याळाच्या भाषेत बोलतात. खालून बघायची ती सहा वाजताची काच, वरून बघायची ती बारा वाजताची.

सहा वाजताची काच असलेली पट्टी उलटी टांगा आणि मेनूतून अक्षरं सुलटी करा. अक्षरं फिरली, काच फिरली नाही. ती आता बारा वाजताची झाली. स्क्रीन डोळ्यांच्या वर असेल तर अक्षरं पुसट, राखाडी, ओल्या पाटीवर लिहिल्यासारखी. सुपरवायझरने मला शेजारच्या रांगेत नेऊन दाखवलं. तिथे स्क्रीन त्याच्या कपाळाच्या बरोबरीने होती. तो टाचा उंचावून बघायचा, आणि अक्षरं एकदम काळी व्हायची.

“म्हणजे इथे मान वाकवायची नाही,” तो म्हणाला. “इथे पाय उचलायचे.”

छापील अक्षरंही फिरत नाहीत. पट्टीवर सॉकेटांचे नंबर रंगाने छापलेले असतात, एक ते चोवीस. पट्टी उलटी झाली की एक नंबर दुसऱ्या टोकाला जातो, आणि आकडे डोक्यावर उभे राहतात. तिथेही सहा आणि नऊ. दूरच्या शहरातला गिऱ्हाईक फोनवर सांगतो, “वरून तिसऱ्या सॉकेटची वायर काढा.” त्याच्याकडच्या नकाशात पट्टी सुलटी असते. इथे वरून तिसरा म्हणजे बाविसावा. म्हणून या शिफ्टवर एक नियम आहे: सॉकेटच्या बाबतीत वर आणि खाली हे शब्द वापरायचे नाहीत. नंबर सांगायचा, मग वायरवरचं लेबल वाचायचं, मग सर्व्हरचं नाव वाचायचं, आणि तिन्ही जुळले तरच हात लावायचा.

मनात आलेलं विचारलं. सगळे आकडे कंट्रोल रूममध्ये पडद्यावर येत असताना ही छोटी स्क्रीन लागते कशाला? तो म्हणाला, सगळे येत नाहीत. जुन्या पट्ट्यांना नेटवर्क नसतं. काही गिऱ्हाइकांची पट्टी त्यांची स्वतःची असते, ती इमारतीच्या यंत्रणेला जोडत नाहीत. “आणि मॅडम, वायर उपटताना हात इथे असतो. पडदा दोन मजले वर. ज्या हातात वायर आहे त्याच्या डोळ्यांसमोर आकडा पाहिजे.”

त्या निळ्या इंडस्ट्रियल टॉपचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. त्याला एक उंचवटा असतो, आणि अर्थिंगची जाड पिन त्या उंचवट्याच्या हिशेबाने घड्याळातल्या सहाच्या जागी. दुसऱ्या व्होल्टेजच्या, तेवढ्याच पिनांच्या टॉपला ती पिन दुसऱ्या तासावर. चुकीच्या ठिकाणी तो जातच नाही. रंग न दिसणाऱ्यालाही, अंधारातही. वर-खाली कुठलं ते त्याने माणसाच्या मानेवर सोडलेलं नाही.

अर्ज: स्क्रीन सुलटी करणे

त्या रात्री ती जुनी स्क्रीन फिरवायची होती. दोन स्क्रू. मला वाटलं, पाच मिनिटं. पण चालू रॅकला स्क्रूड्रायव्हर लावायचा म्हणजे लेखी परवानगी. अर्ज तीन दिवस फिरत होता. मी तो वाचला. कामाचं स्वरूप: डिस्प्ले मॉड्यूल १८० अंशांत फिरवणे. धोका: कमी. वीज खंडित होणार का: नाही, मीटरचा भाग वीजमार्गापासून वेगळा आहे. गिऱ्हाइकाला कळवलं का: हो. आणि शेवटी एक रकाना, काम बिघडलं तर पूर्वस्थितीला कसं येणार? तिथे कुणीतरी गंभीरपणे लिहिलं होतं: पुन्हा उलटा करणे.

हसायला आलं, पण मी त्या कागदाची बाजू घेईन. दोन महिने सगळे वाकून वाचत होते, कारण वाकायला परवानगी लागत नाही. मान ही अशी गोष्ट आहे, की ती वाकवायला कुणाची सही नको. खरी दिरंगाई अर्जाची नाही, अर्ज करावासा न वाटण्याची आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी काम सुरू झालं. सुपरवायझरने मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला, त्याची वायर रॅकच्या चौकटीला लावली. पोराने टॉर्च धरला. पहिला स्क्रू निघाला तो तळहातावर घेतला, दुसरा निघताना फिरकी घेऊन खाली पडायला लागला तेव्हा पोराने टॉर्च न हलवता दुसऱ्या हाताने झेलला. “वा,” एवढंच सुपरवायझर म्हणाला. स्क्रीनचा तुकडा बिस्किटाच्या पुड्याएवढा. आकडे गेले. रॅकचे हिरवे दिवे तसेच लुकलुकत राहिले, पंख्यांचा सूर बदलला नाही. त्याने तुकडा फिरवला, फितीला पीळ पडतोय का ते बघितलं, नखाने एक घडी सरळ केली, बसवला. स्क्रू घट्ट. आधी तिन्ही ठिकाणी आठ उमटले, सगळ्या रेघा पेटतात ना ते तपासायला. ते उलटे असते तरी कळलं नसतं. मग १२.५.

बी पट्टीचंही तसंच झालं. ११.८. मी मान सरळ ठेवून वाचलं.

पट्टी

बाहेर पडायच्या आधी पोरगा तीनच्या फेरीची रीडिंग घेत रांगेच्या टोकापासून निघाला. त्या रॅकपाशी आला आणि सवयीने कमरेत वाकला, मान खांद्यावर टाकली, थबकला, आणि मग पेन हवेत धरून नुसता उभा राहिला. मी जवळ गेले तेव्हा दिसलं. रॅकच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर, मधल्या दोन महिन्यांत कुणीतरी पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवली होती. मार्करने त्यावर लिहिलेलं: ‘उलटं आहे. वाकून वाचा.’ खाली बाण.

स्क्रीन सुलटी करण्याच्या अर्जात ही पट्टी काढायचं कुणी लिहिलं नव्हतं.

पोराने नखाने कोपरा सोडवला. टेप गरम हवेने पत्र्याला पक्की धरली होती, निघताना तिचे तुकडे होत होते. शेवटचा तुकडा ‘वाचा’चा निघाला. तो त्याने गोळा करून खिशात टाकला, पेनचं टोपण काढलं, आणि शीटवर लिहिलं, १२.६.